चिकटवलेली पानं

लहान मुलांची पुस्तकं वाचून वाचून मी आता थकले. असं कोणासमोर म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारीचे डोळे गेले. डोळे चांगले आहेत माझे. दोन्हींचं ऑपरेशन झालं आहे, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. थकवा आहे तो पुस्तकांचाच. बावीस वर्षं मी त्या सशाची गोष्ट वाचून राहिली आहे. ससा बदलतो, कधी त्याच्या अंगात स्वेटर असतो, कधी पाठीवर दप्तर असतं, पण शेवटच्या पानावर त्याला समजतं ते एकच, की आईचं ऐकायला पाहिजे होतं.

हे काम माझ्यामागे लागलं कसं, ते आधी सांगते. आमच्या या हिंदी शहरात, ओमतीच्या बाजूला, मराठी मंडळाची एक खोली आहे. तिथे पुस्तकांची तीन कपाटं, त्यातलं एक मुलांचं. मंडळाचा फार जुना नियम असा की मुलांचं नवीन पुस्तक आलं की आधी एका मोठ्या माणसानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावायची. पुस्तक कसं आहे, कोणत्या वयाला द्यावं, देऊ नये, आणि खाली सही. नियम कोणी केला ते विचारू नका, करणारे केव्हाच गेले. सही करणाऱ्या बाई मुलाकडे पुण्याला निघून गेल्या तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नोकरीवाल्यांना वेळ नव्हता, शिकलेल्यांना कमीपणा वाटत होता. मी म्हटलं, मी करते.

मी का म्हटलं, त्याचं कारण त्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन रांझीला आले, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. आजूबाजूला पंजाबी, बंगाली, बिहारी, आणि सगळ्यांची मिळून हिंदी. कित्येक वर्षं मराठी छापलेलं अक्षर दिसलं नाही. मुलगा दुसरीत असताना मंडळाच्या गणपतीत ते कपाट पाहिलं. मोठ्यांच्या कादंबऱ्या उघडल्या, तर एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. म्हणून मुलासाठी म्हणून एक चित्रांचं पुस्तक घेतलं आणि तो शाळेत गेल्यावर स्वयंपाकघरात बसून मीच वाचलं. मग दुसरं, मग तिसरं. बाकीची माणसं मुलांची पुस्तकं लहानपणी वाचतात, मी तिशीत वाचली. वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे, असं मी समजते.

तर माझं मत ऐका. मुलांची बहुतेक पुस्तकं मोठ्या माणसांनी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिलेली असतात. गोष्ट कशीबशी उभी करायची आणि शेवटी चौकट काढून त्यात शिकवण टाकायची. मूल काही बावळट नसतं, ते चौकट सोडून बाकीचं वाचतं. माझा मुलगा तसंच करायचा. गोष्टीतली मुलं सुट्टीत गावाला जातात, आंब्यावर चढतात, विहिरीत पोहतात. आमच्या रांझीची मुलं सुट्टीत ट्यूशनला जातात, नाहीतर मामाकडे नागपूरला जाऊन मोबाइल पाहतात. तशा मुलाची गोष्ट मला बावीस वर्षांत एकदाच सापडली. त्यात एक मुलगी बापाबरोबर स्टँडवर बसची वाट पाहते. बस येत नाही. दोघं शेंगदाणे खातात. संपलं पुस्तक. मी चिठ्ठीत लिहिलं होतं, "यात काहीच होत नाही. सर्वांनी वाचावे."

आणि आजी. पुस्तकातल्या आजीचा मला सर्वात जास्त कंटाळा आहे. पांढरे केस, नऊवारी, लाडवांचा डबा, आणि शेवटून दुसऱ्या धड्यात ती मरते, म्हणजे नातवंडाला जरा समज येते. मी गाऊन घालते, गॅसवाल्याशी भांडते, लाडू मला कधी धड वळता आले नाहीत. माझ्यासारखी आजी कोणी लिहीत नाही, कारण तिला मारून काही फायदा होत नाही.

त्याहून मोठी तक्रार वेगळी आहे. आमच्या कपाटात बारा वर्षांपर्यंत ससे आहेत, आणि त्यानंतर एकदम स्पर्धा परीक्षेची गाइडं. मधली चार-पाच वर्षं मुलं कुठे जातात, कोणाला माहीत नाही. मध्ये आहेत ती फक्त साहसाची पुस्तकं. चार मुलं आणि एक कुत्रा मिळून चोर पकडतात, आणि त्यांच्यात एक मुलगी असते, ती डबा आणते. बारा ते सोळा वयाच्या पोरीच्या मनात काय चालून राहिलं आहे, हे लिहायला आमच्या लोकांना भीती वाटते काय, देव जाणे. वाचायला मलाही वाटायची. ते आता पुढे येईलच.

मंडळाचा आणखी एक रिवाज होता. फार पूर्वी एका भुताच्या गोष्टीनं कोणाच्या तरी पोराला ताप आला होता म्हणे. त्याचे वडील पुस्तक घेऊन भांडायला आले. पुस्तक फेकणं जिवावर आलं, म्हणून त्या वेळच्या मंडळींनी तोडगा काढला की पुस्तक ठेवायचं, तेवढं पान बंद करायचं. समोरासमोरची दोन पानं लेई लावून एकमेकांना चिकटवायची. तेव्हापासून तेच चाललं. कोणी मेलं, पान बंद. बाप पिऊन आला, पान बंद. मैद्याची पातळ लेई मी घरी करायची, कडेकडेनं बोटानं लावायची. वाफ दाखवली की कागद न फाटता उघडेल अशी. मोठं झालं की मूल उघडून वाचेल, असा माझा हिशोब. कोणी उघडलेलं मी पाहिलं नाही. पण काम नीट केलं याचं समाधान असायचं, खोटं काहून बोलू.

आता घरचं सांगते. मालक जाऊन सहा वर्षं झाली, मी रांझीलाच राहते, आमच्या छोट्या घरात. मुलगा खासगी कंपनीत, दोन वर्षांपूर्वी त्याची बदली रायपूरला झाली. सूनबाई नागपूरची, इथे बँकेत आहे, म्हणून ती आणि नात इथेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला मदन महलला, फ्लॅटमध्ये. मुलगा महिन्यातून एकदा येतो, कधी तेही नाही. नात नववीत. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी, आणि मधूनमधून एखादा मराठी शब्द टाकते, भाजीत कोथिंबीर टाकावी तसा. दर शनिवारी दुपारी ती बसनं माझ्याकडे येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. माझा आठवडा त्या शनिवारावर चालतो. बाकीचे सहा दिवस नुसते जातात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नातीला न्यायला सूनबाई स्वतः आली. नात बाहेर गल्लीत मैत्रिणीशी बोलून राहिली होती. सूनबाईनं पर्समधून एक जाड पुस्तक काढलं, पेपरात गुंडाळलेलं.

"आई, हे वाचा आणि मला चिठ्ठी लिहून द्या."

"चिठ्ठी काहून? मंडळाचं आहे का?"

"नाही. तिच्या उशीखाली होतं. मैत्रिणीचं आहे म्हणते. महिना झाला तेच वाचते."

"मग तू वाच ना, बाई."

"मला कधी वेळ आहे आई? सातला घरात शिरते मी. आणि मी वाचलं तर म्हणेल, मम्मी जासूसी करती है. तुमचं चालतं तिला. मी सांगितलं आहे, आजीनं हो म्हटलं तर पुस्तक परत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही." तिनं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "मी दोन-चार पानं चाळली. त्यातली आई पाहा तुम्ही. कामावरून येते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. पोरांच्या पुस्तकात असली आई कशाला पाहिजे, सांगा."

सूनबाई बँकेतून येते तेव्हा खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता सोफ्यावर आडवी होते, हे मी पाहिलेलं आहे. तिनंही मी पाहिलेलं पाहिलं आहे.

एवढ्यात नात आत आली. पुस्तक माझ्या मांडीवर पाहून हसली. "आजी, जल्दी पढ़ना. किसी की है. और तू तो हाँ ही बोलेगी, मला माहीत आहे."

"पाहू," मी म्हटलं. "मी फार कडक आहे."

"हाँ हाँ, बहुत कडक. शेंगदाणेवाली किताब को फर्स्ट क्लास देनेवाली."

पुस्तक हिंदीत होतं, कुठल्या तरी परदेशी भाषेतून आणलेलं. बर्फ, पाव, सूप, आणि जीभ वळणार नाही अशी नावं. भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश शेजारी ठेवून केलं असावं, सुकलेल्या चपातीसारखं. तरी तीन दिवसांत मी संपवलं, आणि त्या तीन दिवसांत दोनदा माझा भात लागला.

गोष्ट साधी. पंधरा वर्षांची मुलगी, तिचा छोटा भाऊ. बाप दुसऱ्या गावी कामाला गेला, त्याची पत्रं हळूहळू कमी होतात. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात, घरी येते आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडते. मारत नाही, रागावत नाही, नुसती पडते. मुलगी भावाला जेवू घालते, शाळेत खोटं सांगते, आणि आईच्या पाठीकडे पाहत राहते. एवढंच. बावीस वर्षांत मी शंभर आया वाचल्या, सगळ्या हसतमुख, सगळ्यांच्या हातात दुधाचा पेला. थकलेली आई मी पुस्तकात पहिल्यांदाच पाहिली. मला राग आला पाहिजे होता, पण बरं वाटलं. माझी आई गेली त्या वर्षी मला वर्ध्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं, आणि मग पूर्ण हिवाळा मी अशीच होते. मुलगा डबा स्वतः भरून शाळेत जायचा. त्याला कसं वाटलं होतं, मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पुस्तकात पेन्सिलच्या खुणा होत्या. पट्टी लावून, सरळ, फिक्या. आमच्या नातीला पट्टीशिवाय रेघ मारता येत नाही, म्हणून खुणा कोणाच्या ते सांगायला नको. एकशे बारा पानावर अशी रेघ एका वाक्याखाली होती. त्यातली मुलगी म्हणते, कभी-कभी लगता है, माँ न होती तो यह घर हल्का होता.

मी पुस्तक बंद केलं, चहा केला, प्यायले, पुन्हा उघडलं. रेघ तिथेच होती.

आता मला जे सुचलं ते बावीस वर्षांच्या सवयीनं सुचलं. पुस्तक चांगलं आहे, नातीला परत मिळालं पाहिजे. पण पुस्तक जाणार सूनबाईच्या हातून. ती पूर्ण वाचणार नाही, पण चाळणार, आणि चाळताना रेघ दिसली तर? दिवसभर खिडकीवर लोकांचं ऐकून घरी येणारी बाई ती, नवरा दोनशे कोस दूर. तिनं हे वाक्य आपल्या पोरीच्या रेघेसकट वाचायचं? नाही. मी मैदा भिजवला, गॅसवर ठेवून लेई केली, आणि ते पान समोरच्या पानाला चिकटवून टाकलं. वरून वाटी ठेवली. वाळल्यावर पाहिलं तर शिवण दिसत नव्हती. मग आत चिठ्ठी लावली. "वाचले. चौदा वर्षांच्या मुलीला चालेल. भाषांतर कोरडे आहे. शेवट समजूतदार आहे." खाली सही.

सूनबाईच्या ऑफिसातला एक भैया रांझीलाच राहतो, त्याच्या हाती पुस्तक पाठवून दिलं. एक भानगड मिटली म्हणून मी त्या दुपारी छान झोपले.

शनिवारी नात आली नाही. तीनची बस गेली, चारची गेली. मी तिच्यासाठी भिजवलेला साबुदाणा तसाच राहिला. पाचला सूनबाईचा फोन आला.

"आई, ते पान तुम्ही चिकटवलं?"

"कोणतं?"

"आई."

"हो," मी म्हटलं. "मी चिकटवलं."

"मी चाळताना हाताला जाड लागलं. मला वाटलं, त्यात काही घाण असेल, म्हणून तुम्ही बंद केलं. चहाच्या भांड्यावर धरून उघडलं." तिनं मागचा वाहता नळ बंद केला. "तुम्ही वाचलं होतं आणि मला सांगितलं नाही. चिठ्ठीत लिहिलं, चालेल."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आता चांगलं वाटून राहिलं आहे का?"

मी विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

"खोलीत. मी तिला विचारलं, हे काय आहे. तेव्हापासून बोलून नाही राहिली. माझ्याशी नाही, आणि तुमच्याकडे जायला पण नाही म्हणते."

रविवारी सकाळी मी मदन महलची बस धरली. गुडघे दुखतात, बसच्या पायऱ्या उंच, कंडक्टर म्हणाला, "अम्मा, आराम से," आणि मागून सगळे हॉर्न वाजवून राहिले. पूर्ण रस्ताभर मी मनात बोलत होते, मी काय चुकीचं केलं. मी तर दोघींना वाचवलं. बसमधून उतरेपर्यंत माझी पूर्ण खात्री झाली होती की माझीच बाजू बरोबर आहे.

दार नातीनं उघडलं. "आइए," म्हणाली. जन्मापासून मला तू म्हणणारी पोरगी. मी चपला काढेपर्यंत ती आत निघून गेली होती.

सूनबाई डायनिंग टेबलाशी बसली होती, समोर पुस्तक. वाफेनं पान फुगलं होतं. मी बसले. कोणी चहा विचारला नाही, मीही मागितला नाही. थोड्या वेळानं मीच हाक मारली, "ये बाहेर. माझ्याशी लढायचं तर समोरासमोर लढ. मी बस धरून आले आहे."

ती आली, खुर्चीवर नाही, दाराला टेकून उभी राहिली.

सूनबाई म्हणाली, "मी फक्त एवढं विचारलं की रेघ का मारली."

"ऐसे नहीं पूछा था आपने. आपने पूछा था, मेरे बारे में यही सोचती हो."

"मग सोचती हो का नाही?"

नात माझ्याकडे पाहत नव्हती, पुस्तकाकडे पाहत होती. "वो मैंने नहीं लिखा है, मम्मी. किसी ने लिखा, और मैंने लाइन खींची. क्योंकि मला वाटलं मी एकटीच असं सोचती हूँ. फिर देखा, किसी और ने भी सोचा है, और छपा भी है, तो मतलब मैं कोई राक्षस नहीं हूँ." तिनं नाक पुसलं. "रोज नहीं सोचती. कभी-कभी. जब आप लाइट भी नहीं जलातीं आके."

सूनबाईनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. माझ्यानं राहवलं नाही, मी म्हटलं, "बाळा, मी ते पान तुझ्यासाठी नाही बंद केलं. तुझ्या मम्मीसाठी केलं. तिला लागू नये म्हणून."

"पता है," नात म्हणाली. "वही तो. तुमने मम्मी को बचाया और मुझे फँसा दिया. पन्ना चिपका था, इसीलिए उन्होंने वही एक पन्ना पढ़ा. पूरी किताब में बस वही. आगे क्या हुआ, पीछे क्या था, कुछ नहीं. तू नसतं चिपकवलं तर मम्मी दहा पानं चाळती और बोलती, ठीक है, ले जा."

ती "तू" म्हणाली, हे मला तेव्हा लक्षातही आलं नाही. मी तिच्या बोलण्यावरच अडकले होते. बावीस वर्षांत किती पानं बंद केली असतील मी, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. बंद केलेलं पान हाताला जाड लागतं. ज्याच्यापासून लपवायचं, त्याचं बोट बरोबर तिथेच थांबतं. ज्या पोरांनी आमची पुस्तकं नेली, त्यांनी काय केलं असेल? उजेडात धरून वाचलं असेल, नाहीतर त्या पानात काय असेल याची पुस्तकापेक्षा भयंकर कल्पना केली असेल. आणि मी घरी बसून लेई पातळ झाली म्हणून खूश.

मी पर्समधून पेन काढलं. पुस्तक ओढून घेतलं आणि माझ्याच चिठ्ठीवर आडवी काट मारली. खाली जागा थोडी होती, तिथे लिहिलं, "मी एक पान लपवले होते. ते चुकले. पूर्ण वाचल्याशिवाय कोणी मत देऊ नये." सही केली. सही दुसऱ्याचीच वाटत होती.

"ये क्या है," नात म्हणाली, "माफीनामा?"

"चिठ्ठी आहे. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

सूनबाईनं चिठ्ठी वाचली. मग उठली, कुकर चढवायला स्वयंपाकघरात गेली. ती रागात आहे की रडून राहिली आहे, हे तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. नातीलाही कळत नव्हतं, ती दारातून आत पाहत होती. कोणी कोणाला मिठी वगैरे मारली नाही. पुस्तकात असती तर इथे मारली असती, आणि मी चिठ्ठीत लिहिलं असतं की शेवट खोटा वाटतो. आम्ही वरण-भात खाल्ला. मी पाचच्या बसनं परत आले.

त्या आठवड्यात मी मंडळात गेले आणि सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं की आता माझ्यानं हे होत नाही. चिठ्ठ्या बंद, लेई बंद. ते बँकेतून रिटायर झालेले, सज्जन माणूस, रजिस्टर उघडून बसले होते.

"काहून हो ताई, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे. मन उडालं."

"मग जबाबदारी कोणाची राहील? एखादं भलतंसलतं पुस्तक कोणा मुलाच्या हाती गेलं तर?"

"साहेब, मागच्या तीन वर्षांत मुलांच्या कपाटातून किती पुस्तकं गेली?"

त्यांनी पानं उलटली, चष्मा वर केला, पुन्हा उलटली. "तुम्हीच नेली आहेत सगळी," म्हणाले.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग मी कपाट उघडून दोन पिशव्या भरल्या, जाड लागतील ती सगळी पुस्तकं. ई-रिक्षावाला म्हणाला, "माताजी, दुकान है क्या?" आता रोज दुपारी भांड्यात पाणी उकळते आणि एकेक पान मोकळं करते. काही पानं फाटतात. माझी लेई मला वाटायची तेवढी पातळ नव्हती. उघडलेल्या पानांत काय आहे म्हणाल, तर एक म्हातारा बैल मरतो. एक बाप नोकरी सुटल्याचं घरी सांगत नाही. एका मुलीला बहिणीचा हेवा वाटतो. बस. एवढ्यासाठी मी मैदा घालवला. उलट, त्या ससा-स्वेटरच्या पुस्तकांत जी दोन-चार खरी पानं होती, तीच मी शोधून शोधून बंद केली होती, असं दिसून राहिलं. वाफेनं बोटं सुरकुततात, दहा मिनिटांत कंबर धरते, तरी एक पुस्तक करते आणि मग पडते.

पुढच्या शनिवारी नात आली नाही. परीक्षा आहे म्हणाली सूनबाई. असेलही. त्याच्या पुढच्याही नाही. मी साबुदाणा भिजवायचा सोडून दिला. फोन करायचा मोह व्हायचा, पण काय बोलणार. तिचं पुस्तक तिला मिळालं का, एवढंही मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पुन्हा मीच मध्ये आले असते.

परवा संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. आवाज हळू, जणू बँकेतून बोलून राहिली आहे.

"आई, एक विचारायचं होतं. ही बाई उठते का शेवटी?"

"कोण बाई?"

"पुस्तकातली हो. आई. त्या मुलीची ती आई. मी एकोणनव्वद पानावर आहे. रोज बसमध्ये चार-पाच पानं होतात. अजून ती पडलेलीच आहे. मला फक्त सांगा, उठते का नाही. मग मी सावकाश वाचेन."

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते, की हो, उठते, पण लगेच नाही, आणि पूर्ण नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, बहुतेक स्वयंपाकघरातून, तोंडात घास घेऊन.

"आजी, मत बताना. इनको खुद पढ़ने दे. मुझसे भी चार बार पूछ चुकी हैं."

"तू चूप बस," सूनबाई तिला म्हणाली, आणि मला म्हणाली, "सांगा ना."

"मला आठवून नाही राहिलं," मी म्हटलं. "वय झालं माझं."

"झूठी," मागून आवाज आला. मग जरा जवळून, फोन हातात घेतल्यासारखा, "शनिवार को आ रही हूँ मैं. साबूदाना भिगो के रखना. मम्मी भी आएगी शायद, अगर तब तक ये एक सौ बारह पन्ना पार कर लें."

"आणि नाही केलं तर?"

"तो बस में पढ़ लेंगी. लंबा रास्ता है."